माझ्या आईचं गाणं पबात

स्नेहानं दोन रबरी चपला डोक्यावर धरल्या, कंबरेत वाकली आणि माईकमध्ये माझ्या आईचा आवाज काढला. रडका, नाकातला. कलबुर्गीतला तो पब टेबलं बडवून हसायला लागला.

"लेक माझी कालेजाला, पायी व्हाण नवी गं,
येशीमधल्या मान्सांनो, वाट तिला द्यावी गं."

हे गाणं माझ्या आईनं रचलंय, मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा. आमच्या घरातून आधी कुणी कॉलेज बघितलंच नव्हतं. आणि माझी आजी गावच्या चावडीपुढून जाताना चपला काढून हातात घ्यायची. घ्याव्या लागायच्या.

हे सगळं स्नेहाला ठाऊक होतं. हॉस्टेलात आम्ही एकाच खोलीत राहिलो. ती भालकीच्या वकिलाची मुलगी. चौदा एप्रिलच्या जयंतीला औरादकडं आमच्या गावी आली, माझ्या ताटात जेवली. आईनं तिला मांडीला मांडी लावून हे गाणं शिकवलं.

म्हणून तिनं गेल्या आठवड्यात फोन करून सांगितलं, "रविवारी संध्याकाळी ओपन माईक हाय, मी तुझ्या आईचं गाणं म्हणायले, तू तुझी कविता वाच," तेव्हा मी लगेच घरी कळवलं.

आई म्हणाली, "व्हय? दम घेऊन म्हन म्हनावं तिला. लई घाई करती ती."

सुरुवात तिनं नीट केली होती. पहिली ओळ अगदी आईसारखी. आमच्या वस्तीत गाणारीची ओळ संपली की बसलेल्यांनी ती उचलायची असते. झील धरणं म्हणतो आम्ही. गप्प बसलं तर गाणारीचा अपमान होतो. मी उठले आणि मोठ्यानं झील धरली. एकटीच.

सगळ्या माना वळल्या. कुणीतरी शिट्टी मारली. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "अरे, ये भी शो में है क्या?"

स्नेहानं माझ्याकडं बोट केलं. "हीच ती! नव्या चपलेवाली!"

मग वाकून पिशवीतून त्या चपला काढल्या. तुटक्या. एकीच्या पट्ट्याला तार बांधलेली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हे ऐनवेळी सुचलेलं नव्हतं. ती घरूनच तयारी करून आली होती. मलाही बोलावलं होतं.

माझं नाव पुकारलं. माईक हातात देताना ती हळूच म्हणाली, "राग धरू नको गं. क्राऊडला असंच लागतंय."

मी कविता वाचली नाही. म्हटलं, "हे गाणं माझ्या आईचं आहे. माझी आजी चपला हातात घेऊन चालायची, कारण पायात घातल्या तर मार बसायचा. तुम्ही आत्ता त्याला हसलात."

पुढचा एकजण ओरडला, "मॅडम, सेंटी नको!" पुन्हा हशा.

मी माईक खाली ठेवला आणि बाहेर पडले. स्नेहा मागं आली. "कामून असं करायलीस? तुमचं गाणं मी लोकांपर्यंत नेलं की!"

"माझ्या आईला विचारलीस?"

ती परत आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं व्हिडिओ टाकला. माझं उभं राहणंही त्यात आहे. काढ म्हटलं, तर म्हणाली, "लोकांना आवडायलंय."

खोटं सांगून आईला सांभाळावं, असं एकदा मनात आलं. पण गावी जाऊन मी तिला व्हिडिओ दाखवला. तिनं तो शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाली, "पोरीला माझ्या हातानं वाढले मी." आणि थोड्या वेळानं, "तिच्या बापाचं हापिस कुठं हाय?"

आता फोन यायला लागलेत. हॉस्टेलच्या मैत्रिणी म्हणतात, समजुतीनं घे, मैत्री तोडू नको. समजुतीनं आजपर्यंत आम्हीच घेतलं.

मी रजा टाकली आहे. उद्या आई आणि मी भालकीला निघतोय. वकिलाच्या ऑफिसात पक्षकार बसलेले असतील, त्यांच्यासमोर आई अख्खं गाणं म्हणेल. मग मी वकिलाला त्याच्या लेकीचा व्हिडिओ दाखवीन. पोलिसांना बोलवायचं तर बोलवावं. व्हिडिओ निघेपर्यंत आम्ही त्या दारातून हलणार नाही.