सिस्टर प्रशिक्षणाला गेल्या आहेत

आमच्या आरोग्य केंद्राच्या दारावर पुठ्ठ्याची एक पाटी असते: ‘सिस्टर प्रशिक्षणाला गेल्या आहेत.’ आधी मी दर वेळी कागदावर लिहायचो, मग कंटाळून कायमचीच रंगवून टाकली. मी इथे औषधं देतो. सिस्टर बावीस वर्षं इथे बाळंतपणं करतात, म्हणजे जागेवर असल्या तर करतात.

घराघरात आरोग्यसेवा पोहोचली पाहिजे, असं वरच्या ऑफिसनं मनावर घेतलं आणि तेव्हापासून ती पोहोचवणारी बाई काही कुणाच्या हाती लागेना. क्षयरोगाचं प्रशिक्षण, लसीचं प्रशिक्षण, हात धुण्याचं प्रशिक्षण, मग हात नव्या पद्धतीनं धुण्याचं. गैरहजर राहायची सोय नाही. राहिलं, तर केंद्रात प्रशिक्षित माणूस नाही म्हणून केंद्रालाच कुलूप. सिस्टरच्या कपाटात प्रमाणपत्रं इतकी, की बँडेज माझ्या टेबलाखाली राहतात.

यावर सिस्टरनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. परत आल्या की त्या समोरच्या शिंपीणबाईच्या दुकानात जायच्या आणि शिकून आलेलं सगळं तिच्याकडून करून घ्यायच्या. बाळ म्हणून शिलाई मशीनवर एक उशी. तिचं तोंड पुसायचं, पाठ चोळायची, श्वास बघायचा.

“अहो, मला कशाला हे? मी कपडे शिवते.”

“मी इथे नसते, म्हणून तुला. कर पुन्हा पहिल्यापासून.”

शिंपीणबाई माझ्याकडे बघून म्हणायची, “या उशीचं आता बारसं करून टाकू.”

मग सिस्टरच्या सुनेचे दिवस भरत आले आणि नेमकं पाच दिवसांच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं. विषय: सुरक्षित प्रसूती. सिस्टरनी रजा मागितली. साहेब म्हणाले, “बाई, सुनेच्याच उपयोगाचं शिकताय की!”

चौथ्या दिवशी भरदुपारी सुनेला कळा सुरू झाल्या आणि तिला केंद्रात आणलं. अ‍ॅम्ब्युलन्स दीड तासावर. मी सिस्टरना अकरा फोन लावले. लक्ष लागावं म्हणून तिथे सगळ्यांचे फोन दाराशी टोपलीत काढून घेतात, हे मला नंतर कळलं. तसा मीही प्रशिक्षित आहे, पण औषधांचा साठा नोंदवण्यात. शिंपीणबाई मशीन सोडून आली, कोपरापर्यंत हात धुतले आणि मला म्हणाली, “बाहेर उभे राहा. आणि चक्कर येऊन पडू नका, मला वेळ नाहीये.”

बाळ झालं, पण रडेना. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. मग आतून शिंपीणबाईचा आवाज आला, उशीशी बोलायची तसाच: “पुसलं. आता चोळायचं. परत चोळायचं. रड गं बाई...” आणि बाळानं टाहो फोडला.

त्याच दुपारी सिस्टरनी रबराच्या बाळाला श्वास देऊन पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

परत आल्यावर त्यांनी नातीला मांडीवर घेतलं आणि फॉर्म पुढे ओढला. ‘प्रसूती कोणी केली? प्रशिक्षित / अप्रशिक्षित.’ सिस्टरनी जराही न थांबता ‘प्रशिक्षित’वर खूण केली. आठवड्याभरात ऑफिसचं पत्र आलं: सदर महिलेच्या प्रमाणपत्राची नोंद आढळत नाही, सबब सिस्टरनी फॉर्म अचूक भरण्याच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणास हजर राहावे.

सिस्टर खूप हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. सोमवारी निघताना त्यांनी केंद्राची किल्ली शिंपीणबाईच्या हातात ठेवली. मी सवयीनं पाटी अडकवायला गेलो.

“राहू द्या ती,” सिस्टर म्हणाल्या. “ही आहे ना इथे.”