एक नंबरला कुठली ब्रँच

सॉर्टर तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा मी पट्ट्याखाली आडवा होतो आणि माझी पुतणी सायली डोक्याशी उभी राहून विचारत होती, "काका, फॉर्म लॉक करताय ना? पाचला साइट बंद होणार."

वडप्याच्या एका गोदामात मी मेंटेनन्स मॅनेजर आहे. सॉर्टर म्हणजे बॉक्स ज्या त्या गावाच्या लेनकडे ढकलणारा लांबलचक पट्टा. तो थांबला की बाहेर ट्रकची रांग लागते आणि आत माझा फोन वाजू लागतो.

फॉर्मचं प्रकरण घरचं. अंजूरच्या आमच्या आळीत पहिला इंजिनियर मी. त्यामुळे बारावी झालेल्या प्रत्येक मुलाचा इंजिनियरिंगचा ऑप्शन फॉर्म माझ्याकडे येतो. कॉलेज आणि ब्रँच पसंतीच्या क्रमाने भरायची. एक नंबरची पसंती मिळाली की विषय संपला, पुढच्या फेरीत बदल नाही. मी सगळ्यांना एकच क्रम भरून देतो. वर कॉम्प्युटर, मग आयटी, मग उरेल ते. प्रत्येकाला विचारत बसलो असतो तर एवढे फॉर्म कधी भरले असते?

सायलीला इन्स्ट्रुमेंटेशन हवं होतं, म्हणजे सेन्सर आणि मोजमापाच्या यंत्रांची ब्रँच. सहा महिने ती सांगत होती, सहा महिने मी "बघू" म्हणत होतो. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या दादाला, कॉम्प्युटर हवं होतं. मला फक्त पट्टा चालू हवा होता.

मी मेकॅनिकलचा, म्हणून मी गिअरबॉक्स उघडला. गिअरबॉक्स ठणठणीत. इलेक्ट्रिशियन अन्सारीभाईंनी पॅनेल उघडलं. "साहब, करंट तो बराबर है." सॉफ्टवेअरवाला पुण्याहून फोनवर म्हणाला, "सर, आमच्या साइडने सगळं ओके दिसतंय." प्रत्येकाने आपापली साइड तपासली. पट्टा कुणाच्याच साइडला नव्हता.

साहेबांचा फोन. "किती वेळ?"

"दहा मिनिटं, सर."

"मघाशी पण दहाच म्हणालात."

तेवढ्यात सायली म्हणाली, "काका, चार नंबरच्या शटरवरून ट्रक हलला की तुमचं बंद पडतं."

"ट्रकचा नि पट्ट्याचा काय संबंध?"

"ट्रक गेला की ऊन आत येतं. थेट त्या डोळ्यावर." तिने पट्ट्याच्या कडेच्या सेन्सरकडे बोट दाखवलं. समोर बॉक्स आला की पॅनेलला कळवणं एवढंच त्याचं काम.

लाइन बसवल्यापासून पाऊस होता. त्या दिवशी पहिल्यांदाच कडक ऊन पडलं होतं. त्या उन्हात सेन्सरला बॉक्स नसतानाही बॉक्स दिसत होता आणि पॅनेल पट्टा थांबवत होतं. अन्सारीभाईंनी पुठ्ठा कापून डोळ्यावर छप्पर केलं. ट्रक हलला. पट्टा चालत राहिला.

"लडकी को नौकरी पे रख लो, साहब," अन्सारीभाई म्हणाले. "हम दोनों की छुट्टी."

पावणेपाच झाले होते. मी फॉर्म उघडला. एक नंबरला मीच सकाळी भरलेलं कॉम्प्युटर. सायलीने नुसतं पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी इन्स्ट्रुमेंटेशन उचलून वर नेलं. लॉकचा ओटीपी दादाच्या मोबाईलवर गेला.

"दादा, नंबर सांग."

"कॉम्प्युटर वर हाय ना?"

'हाय' म्हटलं की काम झालं असतं. जीभ तयारच होती. पण सायली समोर उभी होती.

"न्हाय. तिला पायजे ते वर हाय."

"तू इंजिनियर हायस की टपालवाला? पोरगी देईल तेच पुढं ढकलतंस?"

"दादा, मी आणि दोन जाणकार दुपारभर इथं डोकं फोडत होतो. शेवटी सापडलं तिला."

पलीकडे टीव्हीचा आवाज. चार वाजून त्रेपन्न मिनिटं. मग दादाने एकेक आकडा असा सांगितला, जणू जमिनीचा तुकडा देतोय.

सायलीला एक नंबरचीच जागा मिळाली. विषय संपला. दादा आळीत सांगतो, पोरगी काकाच्याच लाइनला गेली. मी त्याला दुरुस्त करत नाही.

पुठ्ठा अजून सेन्सरवर आहे. यंदा फॉर्म घेऊन आलेल्या पहिल्याच मुलाला मी मोठ्या तयारीने विचारलं, "तुला काय पाहिजे?"

तो म्हणाला, "तुम्ही सगळ्यांना भरता तेच."

मी फॉर्म मिटला. म्हटलं, "विचार करून उद्या ये. येताना बापाचा मोबाईल आण, बापाला नको."