डोक्यात सुई, सुईवर पदर

माझा उजवा हात खांद्यात आखडला तेव्हा मला राग हाताचा आला नाही, विचारणाऱ्यांचा आला. "अगं बाई, कशानं झालं?" कशानं म्हणून काय सांगू? एक दिवस धुणं वाळत घालायला गेले, हात छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. पडले नाही, धडपडले नाही, कुणाशी मारामारी केली नाही. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या खाल्ल्या. आमच्या बेंबळी गावातल्या बायकांनी निर्गुडीचा पाला सांगितला, तो बांधला. गरम विटेचा शेक झाला. एक जण बिब्बा घालते म्हणून आली, तिला दारातूनच वाटेला लावलं. आठ महिने गेले, हात काही छातीच्या वर जाईना.

भाकरी थापता येत होती, हे आमच्या घरातल्यांचं नशीब. पण केस विंचरता येईनात. शेवटी नवऱ्यानं वेणी घालायला घेतली. कासरा वळावा तशी माझी वेणी वळायचा आणि दोन पावलं मागं सरकून कौतुकानं बघायचा. लग्नाकार्यात बायका विचारायच्या, वेणी कुणी घातली गं? मी म्हणायचे, आजकाल अशीच फॅशन आहे.

हे सगळं मी सोसलं असतं. पण येळवस जवळ येत चालली होती.

आमच्याकडं येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, अख्खं गाव रानात जातं. कडब्याची खोपटासारखी कोप उभी करायची, पूजा करायची, भज्जी-उंडे-भाकरी खायची आणि वरून आंबील प्यायची. ही ताकात कालवलेली ज्वारीच्या पिठाची आंबील आमच्यात घरातली एक बाई घागरभर डोक्यावरून रानात नेते, आणि वाटेत थेंब सांडू द्यायचा नसतो. हा मान आधी मोठ्या जावेचा होता. तिचे गुडघे गेले आणि तो माझ्याकडं आला. नऊ वर्षं घागर माझ्या डोक्यावर होती आणि नऊ वर्षांत थेंब सांडला नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. आता जाऊ म्हणायला लागली, "ऱ्हाऊ दे गं, यंदा म्या नेते. गुडघ्याला पट्टा बांधते की." इतक्या गोड आवाजात म्हणाली की माझं डोकंच उठलं. एकदा घागर तिकडं गेली की परत येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

तेवढ्यात नवऱ्यानं कुठून तरी खबर आणली. धाराशिवला एक डॉक्टरीण आहे, ती चिनी सुयांनी दुखणं बरं करते.

"सुईत औषध काय असतंय?" मी विचारलं.

"औषध न्हाय. नुसती सुई. टोचून ठिवतेत."

"मग दाभण हाय की घरात!"

पण येळवस दीड महिन्यावर आली होती. गेले.

मोठ्या दिरांचं त्या दिवशी कचेरीत काम होतं, म्हणून तेही आमच्याच जीपमध्ये बसले. त्यांच्याबद्दल सांगायला हवं. आमच्या आणि त्यांच्या घरात एक भिंत, अंगण एकच. लग्न होऊन एकतीस वर्षं झाली, पण मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू दिला नाही आणि ते माझ्याशी एक शब्द सरळ बोलले नाहीत. आमच्यात तशीच रीत. अंगणात यायच्या आधी ते खोकायचे. खोकला ऐकला की मी पदर ओढायचे, मग ते यायचे. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी नवऱ्याला म्हणायचे, "तिला सांग, गवारी तोडायला आली." मीही नवऱ्याला म्हणायचे, "दादांना सांगा, ऐकलं." हात आखडल्यापासून मी पदर डाव्या हातानं ओढत होते. खोकला वेळेवर यायचा, त्यामुळं निभत होतं.

डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची निघाली. तिनं आधी जीभ बाहेर काढायला लावली. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून डोळे मिटले. मला वाटलं, पोरगी झोपली की काय. डोळे उघडून म्हणाली, "काकू, शरीरात वाटा असतात असं चिनी वैद्य मानतात. त्यातून जी शक्ती फिरते तिला ते 'ची' म्हणतात. वाट अडली की दुखतं. ठरावीक जागी सुई लावली की वाट मोकळी होते."

नवरा एकदम पुढं सरकला. "म्हंजे ठिबकची नळी चोंदल्यावर आपण तार घालतो तसं!"

"अगदी तसंच, काका."

झालं! त्या दिवसापासून माझ्या नवऱ्याला चिनी वैद्यक येतं. गावात अजून कुणाला काही दुखलं की तो नळीपासून सुरुवात करतो.

मी खांदा पुढं केला. बाईनं माझी साडी नडगीपर्यंत वर केली.

"बाई, खांदा हितं हाय."

"माहीत आहे काकू. खांद्याची एक जागा पायात असते."

म्हणजे बघा! खांदा माझा, छप्पन्न वर्षं मीच वागवते, आणि त्याची जागा पायात आहे हे मला आज कळतंय. सुई केसासारखी बारीक होती. टोचलेलं फारसं कळलं नाही, पण आत काहीतरी जड झालं आणि मुंग्या पोटरीत उतरल्या. दुसरी सुई डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात गेली. मग खांद्याजवळ तिनं कसल्याशा वाळक्या पाल्याची जळती कांडी धरली. दवण्यासारखा वास आला, ऊब बरी वाटली. "हा डावा हात बिलकूल हलवायचा नाही," ती म्हणाली, "उजवा मात्र जमेल तसा वर न्यायचा." मी नेला. छातीपाशी गाडी थांबली.

"आता एक टाळूवर," ती म्हणाली आणि माझा पदर खाली करून डोक्याच्या मधोमध सुई लावली.

माझा नवरा रानात साप निघाला तर काठीनं उचलून बांधाच्या पलीकडं सोडतो. तो माणूस बायकोच्या डोक्यातली सुई बघून आधी पांढरा पडला, मग हसला, मग स्टूल आणि स्टीलचा ट्रे सोबत घेऊन आडवा झाला. धाडदिशी असा आवाज झाला की कचेरीतलं काम उरकून बाहेरच्या बाकावर बसलेले मोठे दीर पळत आत आले. न खोकता आले! एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मी विचार केलाच नाही. डावा हात हलवायचा नव्हता, दीर दारात होते आणि डोकं उघडं होतं. उजवा हात खालून उठला, पदर धरला आणि सरळ डोक्यावर नेला. टाळूवर सुई तशीच उभी, तिच्यावर पदर तंबूसारखा ताणलेला.

दिरांनी झटकन भिंतीकडं तोंड केलं. पण रीत ती रीत! भिंतीकडं बघूनच खाली पडलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाले, "अरे, तिला इचार, सुया लागल्या का?"

नवरा बेशुद्ध. तो काय विचारतो?

डॉक्टरीण त्याचे पाय वर उचलून धरत होती. तिथूनच तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओरडली, "काकू! हात! तुमचा हात कुठंय बघा!"

हात माझ्या कानाच्या वर होता. तो दिसला आणि मग कळ आली. आई गं! अशी बोंब मारली मी की नवरा शुद्धीवर आला आणि विचारू लागला, कोण पडलं?

सगळं निस्तरल्यावर तिनं नीट समजावलं. सांधा थोडा सुटत आला होता, पण दुखेल म्हणून मीच तो धरून ठेवत होते. सुया लगेच जादू करत नसतात, आठ-दहा वेळा यावं लागेल. "आणि घरी आत्ता केलं तसं रोज वीस-बावीस वेळा करायचं, हळूहळू."

घरी आले, भिंतीपुढं उभी राहिले. हात छातीपर्यंत आला, पुढं नाही. दातओठ खाल्ले, शिव्या दिल्या, तरी नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. मी चिडून रडायलाच लागले. नवरा म्हणाला, "दादाला बोलावू का? खोकायला?"

मला आधी वाटलं थट्टा करतोय. पण तो गेला आणि दिरांना घेऊनच आला. त्यांनी सगळं ऐकलं, टोपी काढून परत घातली. मी समोरच उभी. म्हणाले, "तिला इचार, किती बारी खोकायचं?"

"दादांना सांगा, सकाळी अकरा अन् संध्याकाळी अकरा."

त्या दिवसापासून आमच्या अंगणात उपचार सुरू झाला. सकाळी सातला दीर भिंतीपलीकडं उभे राहायचे. मी डाव्या हातानं पदर ओढून लबाडी करू नये म्हणून नवरा त्या हातात दुधाचं पातेलं द्यायचा. खोकला आला की उजव्या हातानं पदर वर. मग पदर खाली, परत खोकला, परत वर. खोकला खोटा आहे हे मला माहीत होतं, पण हाताला कुठं माहीत होतं? तो उठायचा! आठवड्याभरात हनुवटीच्या वर गेला. दिरांचा घसा बसला. जाऊ त्यांना ज्येष्ठमध चघळायला द्यायची आणि माझ्याकडं बघून नाक मुरडायची, कारण तिचाच नवरा तिची घागर घालवत होता. तिसऱ्या आठवड्यात आरोग्य केंद्राची आशाताई क्षयासाठी थुंकी तपासायची डबी घेऊन त्यांच्या दारात आली. रोज सकाळ-संध्याकाळ खोकतात म्हणून गल्लीनं तिला कळवलं होतं. बिचारे डबी हातात घेऊन उभे राहिले, खोकण्याचं खरं कारण सांगायची सोय नव्हती.

मध्ये मध्ये धाराशिवच्या वाऱ्या चालूच होत्या. नवरा आता खाली जिन्यातच थांबायचा. मला विचाराल तर सुयांनी सांधा मोकळा केला आणि खोकल्यानं भीती. जाऊ म्हणते निर्गुडीनं. म्हणू दे.

येळवशीला घागर मी उचलली. उजवा हात पूर्ण ताठ होत नव्हता, पण काठापर्यंत पोचत होता, आणि तेवढं पुष्कळ होतं. नवरा पुढं, जाऊ पट्टा बांधून मागं, तिची नजर घागरीवर. वेस ओलांडली, ओढा ओलांडला, थेंब नाही. शेवटच्या बांधावर चढले आणि वारं सुटलं. समोर कोपीपाशी दीर उभे होते. माझा पदर घागरीखालच्या चुंबळीतून निसटला, खांद्यावर आला, तिथूनही घसरला. आणि माझा उजवा हात, महिनाभर शिकवून तयार केलेला, काठ सोडून निघाला. मला कळत होतं, घागर कलतेय. हात ऐकेना.

"पदर ऱ्हाऊ द्या!" दीर ओरडले. "घागर धरा, बाई! दोन्ही हातानं धरा!"

नवऱ्याला नाही. मला. सरळ माझ्याकडं बघून.

हात जागच्या जागी थांबला आणि परत काठावर गेला. मी तशीच, उघड्या डोक्यानं, त्यांच्या समोरून चालत कोपीपाशी गेले. जावेनं आणि नवऱ्यानं मिळून घागर उतरवली. मी पदर घेतला, पण माझे डोळे भरून आले होते आणि त्याची मला लाज वाटली नाही.

दिरांनी घागरीत डोकावून बघितलं, थेंब सांडला नव्हता. मग खाली बघत, पण मलाच विचारलं, "हात कसा हाय आता?"

हात चांगला होता. मी म्हणाले, "बरा हाय, दादा. आता खोकू नका. पण सकाळी येत जावा. चहाला."

ते नवऱ्याकडं वळले. "तिला सांग..." म्हणाले आणि थांबले. टोपी काढली, परत घातली, माझ्याकडं तोंड केलं.

"साखर कमी टाकत जावा," ते म्हणाले.