बाणेदार, पाच वेळा

"परत म्हण," सर म्हणाले.

मी परत म्हटलं, "बानेदार."

बारामतीचं ते सभागृह हसलं. हळू नाही, मोठ्यानं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. पुरुषांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

"ण गं, ण. बाणातला ण. परत."

पाच वेळा म्हणायला लावलं मला. मी मोजलंय. माईकसमोर, हातात कागद, अंगावर नवी साडी. पाचव्या वेळी न सुद्धा नीट निघेना.

सर म्हणजे आमच्या साप्ताहिकाचे संपादक. छापखानाही त्यांचाच. मी तिथं सहा वर्षं खिळे जुळवायचे. शिशाची एकेक अक्षरं उचलून ओळी लावायच्या, शाई लागली की बोटं काळी. सर दर आठवड्याला कूटकोडं घालायचे. सरळ अर्थाचं नव्हे, वाकड्या वाटेनं जाणारं. सूचनेत 'ऐकायला' हा शब्द आला की समजायचं, इथं आवाजाचा खेळ आहे, एक शब्द दुसऱ्यासारखा वाजणार. वर्षभर सगळी कोडी बरोबर सोडवील तो पुढच्या वर्षीचा कोडेकार, असं सरांनी जाहीर केलेलं. अट एकच. वार्षिक मेळाव्यात शेवटची सूचना आणि तिचं उत्तर मंचावरून तोंडी म्हणून दाखवायचं. कुणाचं बघून भरलं नाही ना, हे कळायला.

मला कोडेकार व्हायचं होतं. दुसऱ्यानं लिहिलेले शब्द सहा वर्षं जुळवले होते. एकदा तरी माझे शब्द कुणीतरी जुळवावेत, एवढीच हाव.

उत्तरं सर ड्रॉवरला कुलूप लावून ठेवायचे. मी माझ्या गावच्या, अंथुर्ण्याच्या यष्टीत गुडघ्यावर कागद ठेवून कोडी सोडवली. वर्षभर. एकही चुकलं नाही. शेवटची सूचना होती, 'ऐकायला भाता बाळगणारा, वागायला स्वाभिमानी.' उत्तर बाणेदार. मी लिहिलं तेव्हा ण च लिहिला. आमच्याकडं ण आणि न तोंडात एकच, पण खिळ्यांच्या पेटीत दोघांची घरं वेगळी. सहा वर्षांत माझा हात चुकीच्या घरात एकदाही गेला नाही. पुण्यात वाढलेले सर एकच बोली शिकले होते. मी दोन सांभाळत होते. पण मंचावर हात कुणी विचारत नाही.

"कागदावर बरोबर, तोंडात चूक," सरांनी निकाल दिला. "कोडं कानाचं असतं. जिच्या तोंडात बाण नाही ती काय कोडी घालणार!"

परत हशा. कोडेकाराचा मान दुसऱ्या नंबरला गेला, एका वकिलांच्या सुनेला. हसणाऱ्यांत उसाचे बागायतदार होते. घरी तेही पानीच पितात. मी ओळखते त्यांना.

एवढंच असतं तर गिळलं असतं. अपमान गिळायची आमच्या बौद्धवस्तीला सवय होती, मलाही होती. पण मागच्या रांगेत माझे आबा बसले होते. इस्त्रीचा सदरा घालून, लेकीचा सत्कार बघायला. लोक हसले तसे आबाही हसले. त्यांना वाटलं, कोड्याच्या कार्यक्रमात हसायचंच असतं.

परतीच्या यष्टीत पिंपळी मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "का गं हसत व्हती मानसं?"

मी खोटं बोलू शकले असते. बोलले नाही. "आपल्या बोलन्याला, आबा."

आबा अंथुर्ण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. उतरताना कंडक्टरनं सुट्टे मागितले तर तोंडातून शब्द न काढता नोट पुढं केली. बडबड्या माणूस माझा बाप. त्या दिवसापासून अनोळखी माणसासमोर तो तोंड उघडेना. तेव्हा माझ्या आत काहीतरी कायमचं कडक झालं. रडू नाही आलं. राग आला, आणि तो मी जपला.

पुढच्याच रविवारी मी इंदापूर गाठलं. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारे बापूराव तिथं एक छोटं साप्ताहिक काढायचे. मी म्हटलं, "कोडं देते. आपल्या बोलीचं. नाव छापू नका, आन अट बारामतीचीच ठेवा. तोंडी म्हनायचं."

बापूराव म्हणाले, "ते सर तुला ठिवतील का कामावर?"

"बगू."

माझ्या कोड्यात 'ऐकायला दिवाळी-दसरा, पण कॅलेंडरवर आकडा' म्हणजे सन. 'ऐकायला चाळीस शेर, पण तराजूत मावत नाही' म्हणजे मन. बायाबापड्या चुलीपुढं सोडवायला लागल्या. साखर कारखान्याच्या गेटवर वाद झडायला लागले. ज्यांनी कोडी कधी हातात धरली नव्हती त्यांना ती पहिल्या फटक्यात सुटायची, कारण त्यांचं तोंडच चावी होतं.

सरांना न सुटलेलं कोडं झोपू द्यायचं नाही, हे मला माहीत होतं. त्यावरच माझा डाव होता. ते छापखान्यात बापूरावांचा अंक उघडून बसायचे आणि चिडायचे. "हे काय कोडं आहे? सण आणि सन सारखे वाजतात होय?" मी मान खाली घालून खिळे जुळवायचे. आतून उकळ्या फुटायच्या. पण माणूस हुशार. महिन्याभरात मेख कळली आणि त्यानंतर वर्षभर त्यांनी स्वतःच्या नावानं उत्तरं पाठवली. एकही चूक नाही. पहिला नंबर.

इंदापूरच्या मेळाव्याला सर ऐटीत आले. बापूरावांनी कोडेकार म्हणून मला मंचावर बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होता. आबा पहिल्या रांगेत होते.

शेवटची सूचना होती, 'ऐकायला आटपाडीकडची नदी, पण कुणापुढं खाली घालू नये.'

"मान," सर म्हणाले.

"आदी नदीचं नाव म्हना, सर. सारखं वाजाया पायजे."

"माण."

सभागृह हसलं.

"परत म्हना."

"माण!"

"परत."

आमच्यासारखं नदीलाही 'मान' म्हणणं त्यांच्या जिभेला जमेना; तिसऱ्यांदा त्यांनी ण असा दाबला की आवाज चिरकला. लोक पोट धरून हसत होते. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"कागदावर बरोबर, तोंडात चूक," मी माईकवर म्हणाले.

सर कागद टाकून मंचावरून उतरले आणि निघून गेले. त्यांना उतरता आलं. मला त्या दिवशी उतरता आलं नव्हतं, कारण सोमवारी मला त्यांच्याच छापखान्यात जायचं होतं.

बाहेर आबा म्हणाले, "म्या न्हाय हसलो."

"का?"

"तुला हसली व्हती तवा हसलो व्हतो. आता हसू येत न्हाय."

सोमवारी सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"येनार न्हाय," मी म्हणाले. न अगदी स्पष्ट.

लोक म्हणतात, झालं ते झालं, फिटंफाट झाली, आता सोडून दे. झाली नाही. आबा अजून पुण्याच्या माणसासमोर बोलत नाहीत. इंदापूरचं कोडं मी अजून घालते, आणि सर अजून उत्तरं पाठवतात, त्यांना राहवत नाही. कधीतरी परत पहिले येतील. मंचावर यावंच लागेल. त्यांनी मला पाच वेळा म्हणायला लावलं होतं. मी तीनदाच लावलंय. दोन वेळा बाकी आहेत.