गयाबाईचा मधला खाना

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. सुभद्रेला, माझ्या बायकोला सुद्धा न्हाई — अन आता तीच न्हाई. मंग उरलं कोण? तुमी.

गावच्या दूध संस्थेत मी दूध मोजायला होतो. शाळा चौथीपातूर. त्या साली पाऊस न्हाईच. संस्थेनं जनावरांची छावणी उघडायचं ठरवलं — सभासदांच्या यादीत नाव आसंल त्याच्याच जनावराला चारा. यादी संस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरात. ती तालुक्याच्या नव्या कॉम्प्युटरात न्यायची होती.

त्यासाठी एक साहेब आला. मी त्याच्या खुर्चीमागून हाललो न्हाई. ह्या डब्यातली माणसं तालुक्याच्या डब्यात जातात कशी? साहेब म्हणला, "मामा, ह्या दोघांचं जमत न्हाई. जुना सगळं नाव एकाच खान्यात ठेवतो. नव्याला तीन खाने लागतात — आपलं, बापाचं न्हाईतर नवऱ्याचं, अन आडनाव." लई नवल वाटलं. म्हंजे माणूस हितं सुटा करायचा अन तिकडं जुळवायचा? मंग हितला पुसला जातो का? न्हाई म्हणं, हितंबी ऱ्हातो. एक माणूस दोन जागी? साहेब नुसता हसला.

सगळी नावं बसली. एक अडकलं — गयाबाई. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी येऊन दोन म्हशींवर जगणारी. मधला खाना रिकामा, अन तो भरल्याबिगर नवा कॉम्प्युटर पुढं सरकंना. साहेब म्हणला, "बापाचं घालू का नवऱ्याचं? रेशनकार्डावर काय हाय, इचारून या."

तिचं घर टेकडीच्या पल्याड. बाराला लाईट जायची, अन साडेअकरा झालेले. गेलो असतो तर काम उद्यावर गेलं असतं. उद्यावर! येवढंच. पण मला ती यादी जाताना बघायची होती — आत्ता. मी म्हणलो, "ती गाव सोडून गेली. काढा तिला."

काढली. पडद्यावर हिरवी पट्टी भरत गेली. तालुक्याहून फोन आला — पोचली यादी. मी टाळी वाजवली. खरंच वाजवली.

छावणीच्या फाटकावरून गयाच्या म्हशी माघारी फिरवल्या, तवा मी तिथंच उभा होतो. कुणीतरी म्हणलं, मशीननं नाव खाल्लं. मीबी व्हय म्हणून मान डोलावली. नाव मागून घालता आलं नसतं का? आलं असतं. पण मंग 'काढा' कोण म्हणलं, ते निघालं असतं.

एक म्हैस दावणीला मेली. दुसरी बाजारात गेली. अन गया ऊसतोडीला गेली — नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, ही एकटी, भावाच्या टोळीत अर्धा कोयता. मी म्हणलो होतो तशी, गाव सोडून. माझं खोटं मी असं खरं केलं.

सुभद्रेचा तिच्यावर लई जीव. "त्या डब्याला पटकी येवो," म्हणायची, मरस्तोवर म्हणायची. मी समोर बसून जेवायचो.

सुभद्रा गेली त्या दिवशी आमची चूल बंद. मयताच्या घरी शेजारपाजारचे भाकरी आणतात. पहिली गयानं आणली, ऊसतोडीवरनं माघारी आलेली ती. म्हणली, "दादा, वैनीनं लई माया केली मला. दोन घास खा."

खाल्ली मी. पोटभर खाल्ली.