सायखेड्याच्या वाटेवर तडकलेला ग्लास

सांगलीहून निघताना सुनेनं दशम्यांचा डबा हातात दिला आणि बजावलं, "आई, तिथल्या पोरींवर उगाच ओरडू नका." मी तीस वर्षं अध्यापक विद्यालयात होते. प्राथमिक शाळेत विज्ञान कसं शिकवायचं, ते होऊ घातलेल्या गुरुजींना आणि बाईंना शिकवायचे. ओरडणं हा त्यातला निम्मा अभ्यासक्रम! निवृत्तीनंतरही परीक्षक म्हणून बोलावणं येतं आणि मी हौसेनं जाते. या खेपेला नाशिक.

स्टँडबाहेर मिसळ खाल्ली. इथे मिसळीबरोबर पापड देतात, आणि तो मोडून रश्श्यात बुडवायचा हे शेजारच्या काकांनी न विचारता शिकवलं. इथल्या अध्यापक विद्यालयाची गाडी येणार होती, ती ऐनवेळी बंद पडली. स्कूटीवरून समोर आली रोहिणी. जिचा वर्गावरचा पाठ मला तपासायचा होता, तीच! परीक्षार्थीच्या पाठीमागे बसलेला परीक्षक मी तरी आजवर पाहिला नव्हता.

"मॅडम, घट्ट धरा हां. पुढं रस्ता लय बेकार हाय," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, खराब आहे."

"अगं, बोल की तशीच. मी काय आत्ताच गुण कापतेय का?"

सायखेड्याच्या वाटेला दोन्हीकडे द्राक्षबागा. आम्हा सांगलीकरांना द्राक्षांचं काय कौतुक, असं मनाशी म्हणत होते, पण कांद्याच्या चाळी (कांदा साठवायचे जाळीचे लांबलचक मांडव) बघून मान वळलीच. रोहिणी वाऱ्यात पाठ पुटपुटत होती. तिचे वडील झेंडू पिकवतात. हा तिचा शेवटचा पाठ. आधीचा नापसंत झाला होता, आणि हाही पडला तर वर्ष हातचं जाणार होतं.

"मागच्या वेळी मुलं हसली आणि मी रडले, मॅडम. आता परत घरी काय तोंडानं सांगू?"

तिच्या सामानाची पिशवी माझ्या मांडीवर होती. एका गतिरोधकावर स्कूटी उडाली, मी पिशवीवर रेलले आणि आत 'कट्' झालं. पट्टी मोडली असेल, म्हणून गप्प बसले.

शाळा नदीकडेला. चौथीचा वर्ग, चटईवर अठरा मुलं. पाठ होता 'हवा जागा व्यापते'. प्लास्टिकच्या ग्लासच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवायचा आणि ग्लास उपडा बादलीत बुडवायचा. आतल्या हवेमुळे पाणी वर चढत नाही, कागद कोरडा राहतो.

आमच्या धंद्यातली एक खोड सांगते. पाठाच्या आदल्या दिवशी मुलांकडून उत्तरं घोटून घेतात, परीक्षकासमोर फजिती नको म्हणून. ही खोड मीच कितीजणींना लावली असेल, देव जाणे. रोहिणीनंही तेच केलं होतं. "काय होईल?" असं तिनं विचारायच्या आत अख्खा वर्ग ओरडला, "कागद कोरडा राहील, बाई!"

तिनं ग्लास बुडवला, वर काढला, बोळा बाहेर घेतला. त्यातून पाणी ठिबकत होतं.

रोहिणीचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात पुढं बसलेली दोन वेण्यांची आरती त्या ठिबकत्या बोळ्याकडे बघत ठणठणीत आवाजात म्हणाली, "कोरडा हाय, बाई!" मग सगळेच ओरडले, "कोरडा! कोरडा!"

रोहिणीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "शाब्बास" म्हणून ती पुढे गेली असती, तर टाचणातला (पाठाच्या लेखी आराखड्यातला) निष्कर्ष तरी फळ्यावर आला असता. ती खाली बसली आणि बोळा आरतीच्या हातात ठेवला.

"हात लावून सांग, बाळा."

"ओला हाय," आरती पुटपुटली. मग अगदी हळू म्हणाली, "पण मग तुम्ही नापास होणार ना?"

"होऊ दे. का ओला झाला, ते शोधू या आपण."

ग्लास पुन्हा पाण्यात गेला. अठरा डोकी बादलीवर वाकली. "बुडबुडे! बुडाला चीर हाय, बाई! तिथून हवा पळती!" "हवा गेली म्हणून पाणी घुसलं!" आरतीनं चिरेवर अंगठा दाबून धरला, नवा बोळा आत, ग्लास पाण्यात. या वेळी कोणी आधी उत्तर दिलं नाही. प्रत्येकानं बोळा चाचपला आणि मगच सगळे म्हणाले, "कोरडा."

मी उभी राहिले. "तो ग्लास माझ्या मांडीवर तडकला, रोहिणी. चूक माझी." पोरं खदखदून हसली. या वेळी रोहिणीही हसली, डोळे पुसत. तपासणीच्या कागदावर 'पाठ टाचणाप्रमाणे झाला का?' असा रकाना होता. तिथे 'नाही' लिहिलं, खाली 'उत्तीर्ण' लिहिलं आणि तिला तिथेच दाखवलं. पोरीनं मला अशी मिठी मारली की चष्मा वाकडा झाला.

तो पहिला ओला बोळा मी मागून घेतला आणि पर्समध्ये टाकला. परतीच्या एसटीत मला आठवत राहिले ते माझ्या विद्यार्थिनींचे पाठ, ज्यांत सगळी मुलं एका सुरात बरोबर उत्तर द्यायची आणि मी मागे बसून खूश व्हायचे. त्यांतल्या कोणाच्या हातात कधी ओला कागद होता का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर बोळा उलगडला. तो केव्हाच वाळला होता. मी पेन घेतलं आणि त्याच्यावर लिहिलं : हा ओला होता.