चौथ्या क्लिपवरची पिवळी रेघ

ही गोष्ट मी आजवर शंभर वेळा सांगितली आहे — आणि एकदाही सांगितलेली नाही. म्हणजे काय, ते सांगतो. पण जरा धीर धरा. मी मुळातच पाल्हाळ लावणारा माणूस, आणि आज तर मुद्द्याकडे पाय वळतच नाहीत.

दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत मोजकी मराठी कुटुंबं. गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या बदलीच्या निरोपाला फर्माईश येतेच — "ती मीटरची गोष्ट होऊन जाऊ द्या!" मग मी उठतो. डोळे फिरवतो, आचके देत देत अख्खी गाडी स्वतःच होतो. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. गोष्ट अशी: मानेसरच्या कारखान्यात गाड्यांचे भाग तपासणारा माझा मित्र अन्वर, एक स्क्रू ढिला दिसला तर अख्खी पेटी परत धाडणारा — त्याने माझ्या गाडीत मीटर बसवला आणि स्वतःच एक क्लिप ढिली सोडली! हशा. टाळ्या.

हसण्यासारखं आहेच ना? फक्त खरं नाही.

माझी गाडी टर्बोची. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, आणि ती किती दाबाने जाते हे दाखवणारी गोल तबकडी म्हणजे बूस्ट गेज. आम्ही मीटरच म्हणायचो. माझ्या गाडीत तो आला नव्हता. हौशी लोक बाहेरून आणून लावतात. मला त्याची गरज होती का? छे! पण ॲक्सिलरेटर दाबला की काटा सुर्रकन उडतो, आणि मला तो उडताना बघणारे प्रेक्षक हवे होते.

रविवारी सकाळी आम्ही दोघं पार्किंगमध्ये कामाला भिडलो. इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत एक बारीक रबरी नळी आणायची; तिला चार जोड, प्रत्येक जोडावर एक क्लिप, म्हणजे स्क्रूने आवळायची पत्र्याची गोल पट्टी. अन्वरची पद्धत कारखान्यातली. क्लिपचा स्क्रू आवळला की त्यावरून पट्टीवर पिवळ्या पेनाने एक रेघ ओढायची. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. "रेघ ओढली की तो जोड माझा," तो म्हणायचा. रेघ असलेला जोड तिथे पुढचा माणूस उघडून बघत नाही. एकमेकांवर ते तसे विसंबतात.

तीन जोड त्याने केले. मग तो डॅशबोर्डखाली उताणा पडून नळी आत ओढायला लागला आणि चौथा जोड माझ्याकडे आला. स्क्रू अडचणीत होता. स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला, बोट सोललं. वर बाल्कनीतून माझी बायको नीलिमा ओरडत होती, पोहे गार होताहेत.

"नाटक्या, चौथी आवळलीस?" आतून आवाज आला.

"आवळली!"

"रेघ?"

मी पेन उचलला आणि रेघ ओढली. ढिल्या स्क्रूवर. इतकी सरळ, इतकी सुबक! पोहे खाऊन आल्यावर आवळणार होतो — असं इथे लिहायचा मोह होतोय. नव्हतो आवळणार.

शेवटी अन्वरने बॅटरीच्या उजेडात चारही रेघा पाहिल्या. मान डोलावली. क्लिपला हात लावला नाही. कशाला लावेल?

चार दिवसांनी नीलिमाला आणि सासूबाईंना घेऊन गुरुग्रामला निघालो. मोकळा रस्ता दिसला, मी म्हटलं, "आई, काटा बघा हं!" — आणि ॲक्सिलरेटर दाबला. फट् असा आवाज. काटा पडला, गाडी आचके द्यायला लागली, मागे ट्रकचा भोंगा. सासूबाईंनी माझी कॉलर धरली, ती सुटेचना. कशीबशी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर चौथ्या जोडाची नळी लोंबत होती. ती बसवली, क्लिप आवळली. रेघ मधोमध तुटली.

नीलिमा खाली उतरून शेजारी आली. "कुणी बसवलं होतं हे?"

"अन्वरने."

एकच शब्द. तिथेच राहिला असता तर? पण संध्याकाळी तो स्वतः आला, बॉनेटमध्ये वाकला.

"रेघ ओढल्यावर स्क्रू फिरलाय."

"मी आवळला ना रस्त्यात. पण मला ढिलाच मिळाला. शेवटी बॅटरी घेऊन तूच होतास यार — सोडवून बघितला असशील, आवळायचा राहिला."

नीलिमा शेजारीच उभी होती. त्याने स्वतःच्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाला, "वहिनी, माफ करा. असं कधी होत नाही माझ्याकडून."

आता एक गोष्ट, जी मी बैठकीत कधीच सांगत नाही. अन्वरच्या वडिलांना शेवटी शेवटी काही आठवेनासं झालं होतं. त्याचं नावसुद्धा. सुरुवात बारीकसारीक होती — नळ उघडा, किल्ली दारालाच. हे मला माहीत होतं. त्या संध्याकाळीही माहीत होतं.

मग अन्वर घरातून निघताना कुलपाचा फोटो काढायला लागला. बायकोला, शबानाला, गॅस पुन्हा बघायला सांगायला लागला. कारखान्यात स्वतःहून तपासणी सोडून स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. आणि मी? कुलपाचा फोटो मी गोष्टीत घातला. सगळ्यात मोठा हशा त्यालाच येतो. तोही हसायचा — आधी मोकळा, पुढे पुढे इतरांकडे बघून.

गेल्या वर्षी नोकरी सोडून तो सोलापूरला परत गेला. सोसायटीच्या हॉलमध्ये निरोप होता. त्यानेच हाक दिली, "नाटक्या, माझी गोष्ट सांग की!" मी सांगितली. इतकी रंगली नव्हती कधी.

नंतर पार्किंगमध्ये त्याने माझं कोपर धरलं.

"एक विचारू? मी ती क्लिप सोडवताना तू बघितलं होतंस का रे? मला काहीच आठवत नाही. अब्बांचं असंच सुरू झालं होतं."

नीलिमा नव्हती. सासूबाई नव्हत्या. हसायला, टाळ्या वाजवायला कुणीच नव्हतं. कुणासाठी खोटं बोलायचं होतं मला?

"बघितलं होतं," मी म्हणालो.

"अच्छा," तो म्हणाला. खिशातून छोटी वही काढली आणि भिंतीला टेकवून त्यात काहीतरी लिहून घेतलं.

काटा अजून उडतो. बॉनेट उघडलं की चौथ्या क्लिपवर ती रेघ दिसते — एक तुकडा स्क्रूवर, एक पट्टीवर, एकमेकांपासून सरकलेले. तो जोड माझा आहे.